तेरा हजारांश

या सदरातले अनुभव मी नियमित वाचते आणि वाचून बाजूला ठेवते. पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. जे मोजता येत नाही त्यावर ठामपणे बोलू नये, असं मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले. भूत, भास, संकेत… यांतलं काही मी मानलं नाही, आजही मानत नाही. तरी लिहायला बसले आहे, कारण माझ्या बाबतीत जे घडलं ते मोजता आलं होतं. आकडा माझ्याजवळ आहे. तो आला कुठून, एवढंच मला माहीत नाही.

१९७३चा उन्हाळा. नगर जिल्ह्यात दुष्काळाचं दुसरं वर्ष. माझा भाऊ, म्हणजे दादा, वायरलेसमधला इंजिनिअर. पुण्याच्या एका संस्थेची छोटी योजना त्याच्याकडे होती. धरणं आणि कालवे यांवरच्या वायरलेस सेटना मिळून एकच फ्रिक्वेन्सी मिळणार होती. सगळ्यांनी ती आळीपाळीने वापरायची, प्रत्येकाने आपापल्या सेकंदांत बोलायचं. नाहीतर एकाचं बोलणं दुसऱ्याच्या अंगावर पडणार. त्यासाठी सगळ्या ठिकाणांची घड्याळं जुळलेली हवीत, आणि तीसुद्धा सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. लांब लांब ठेवलेली दोन घड्याळं इतकी जुळलेली राहतात का, हे दादाला दाखवून द्यायचं होतं.

एक घड्याळ घोडेगावच्या अलीकडे, औरंगाबाद रस्त्यापासून दोन फर्लांग, म्हणजे पाचेक मिनिटांच्या चालीवर, आत असलेल्या एका बुटक्या टेकडीवर. तिथे पत्र्याची खोली होती, दादा तिथेच राहायचा. दुसरं सावेडीत. तेव्हा सावेडी म्हणजे गावाबाहेरचं माळरान, चार-दोन बंगले आणि खूप वारा. त्यातल्या एका बंगल्याची मागची खोली योजनेने भाड्याने घेतली होती. मी कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होते. कॉलेजच्या आधी सकाळी सायकलवरून तिथे जायचं आणि सव्वासात ते साडेसात मोजणी करायची, हे माझं काम.

घड्याळ म्हणजे काट्यांचं नव्हे. क्वार्ट्झचा एक स्फटिक आणि त्याच्या कंपनांवर चालणारी यंत्रणा. टेकडीवरून दादा सव्वासातला सेट चालू करायचा. त्या सेटला माइक नव्हता, बोलायची परवानगीच नव्हती. फक्त एक सूर यायचा — सेकंदाला हजार कंपनं, दादाच्या घड्याळाने मोजलेली. माझ्या घड्याळाचाही तसाच सूर. दोन्ही सूर ऑसिलोस्कोपला जोडले की हिरव्या पडद्यावर एक आकृती उमटते. घड्याळं अगदी बरोबरीने चालत असतील तर तिरकी रेघ दिसते आणि ती तशीच राहते. एक जरा जरी पुढे जायला लागलं तर रेघ हळूहळू उघडते, तिचं लंबवर्तुळ होतं. पंधरा मिनिटांत ते किती उघडलं यावरून दिवसाचा फरक काढायचा आणि रजिस्टरमध्ये लिहायचा.

दादाचा एक नियम होता. घड्याळाला हात लावायचा नाही. ते चुकलं तर चुकू द्यायचं, फक्त किती चुकलं ते लिहायचं. "कुसे," तो म्हणायचा, "चुकणारं घड्याळ चालतं. दुरुस्त केलेलं चालत नाही. ते आधी काय सांगत होतं हे मग कुणालाच कळत नाही."

आमची रेघ त्या वेळी सत्तर-बहात्तर दिवस जवळजवळ हलली नव्हती. नव्वद दिवसांची अखंड मालिका झाली तर योजना पुढे जाणार होती. एक सकाळ जरी चुकली तरी पुन्हा पहिल्यापासून.

टेकडीवर दादाच्या सोबतीला राखणदार म्हणून कोंडीबा होता. तो शिंगणापूरचा. त्याच्या घराला दार नव्हतं, त्यामुळे कुलूप हा प्रकार त्याला पोरखेळ वाटायचा. मी एकदा खोलीला कुलूप घेऊन गेले, तर म्हणाला, "ताई, न्हेनार काय हितून? सायबाची शिट्टी?" सुराला तो शिट्टी म्हणायचा. स्फटिकाची पत्र्याची डबी दादाने जमिनीत पुरलेल्या एका माठात ओल्या वाळूत ठेवली होती, उन्हाने तापू नये म्हणून. सकाळ-संध्याकाळ एकेक तांब्या पाणी त्या वाळूत घालायचं. वाळू कोरडी पडली की डबी तापणार, स्फटिक तापला की त्याची चाल बदलणार. टँकरच्या पाण्यावर दिवस काढायचे ते दिवस. कोंडीबाला ते बघवत नसे. "प्यायला न्हाई, आन् वाळूला कशापायी, सायेब?" त्यावर दादा म्हणे, "हिला तहान लागली तर माझी बहीण नगरात बोंब मारेल."

एका रविवारी सकाळची मोजणी उरकून दादा घरी आला होता. आम्ही गावात भाड्याच्या घरात राहायचो — आई, वहिनी आणि मी. संध्याकाळी निघताना तो पायऱ्यांवर बसून चपला घालत म्हणाला, "अंग मोडून आलंय."

"टेकडीवर जायचं म्हटलं की येतंच ते मोडून," वहिनी आतून म्हणाल्या. "परवा दळण आणायला सांगितलं तेव्हाही आलं होतं."

"कुसे, ऐकतेयस ना? मी सरकारचं काम करायला निघालोय आणि ही मला गिरणीत पाठवतेय."

"सरकारच्या कामाला दळलेलंच लागतं खायला," वहिनी म्हणाल्या, आणि तिघंही हसलो. दादा साडेसहाच्या एस.टी.ने गेला.

सोमवारी रेघ थोडी उघडली. दिवसाला चार हजारांश सेकंद. मंगळवारी नऊ. बुधवारी तेरा.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. दोन घड्याळांत फरक पडला की चुकलं कोणतं, हे त्या दोघांवरून कधीच ठरत नाही. त्याला तिसरं घड्याळ लागतं. तसं ते होतं. दिल्लीहून प्रमाणवेळेचे ठोके शॉर्टवेव्हवर यायचे, दुपारी बऱ्यापैकी ऐकू यायचे. त्यांच्याशी मी माझं घड्याळ ताडून पाहू शकत होते. पण दुपारी मी कॉलेजात असायची, आणि माझ्या मनाने आधीच ठरवून टाकलं होतं की चूक माझ्या बाजूची आहे. बंगल्याची खोली पश्चिमेची, भिंती तापायच्या. दादाचं घड्याळ चुकेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दादाचं काही चुकत नसे. शिवाय शुक्रवारी पुण्याहून साहेब रजिस्टर बघायला येणार होते. बहात्तर दिवस सरळ रेघ, आणि नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या खोलीमुळे ती बिघडलेली दिसणार…

सोमवारचे आणि मंगळवारचे आकडे मी पेन्सिलने वेगळ्या कागदावर टिपले होते. बुधवारी सात पंचवीसला मी बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला आणि माझ्या घड्याळाची चाल वाढवायला त्याचा स्क्रू पाव वळसा फिरवला. लंबवर्तुळ आवळत गेलं. रेघ झाली. रजिस्टरमध्ये तिन्ही दिवसांपुढे शाईने शून्य लिहिलं, कागद फाडून टाकला, आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मला अजून आठवतं.

गुरुवारी सकाळी सूर आला नाही. बॅटरी उतरली असेल असं वाटलं. दुपारी कॉलेजात निरोप आला.

कोंडीबा रविवारी सकाळीच दादाला विचारून आपली गाय जनावरांच्या छावणीवर घेऊन गेला होता. तो गुरुवारी सकाळी परतला, तेव्हा दादा सेटजवळ जमिनीवर पडलेला होता. डॉक्टर म्हणाले, ताप डोक्यात गेला, अंगातलं पाणी संपलं होतं. प्राण बुधवारी दुपारनंतर कधीतरी गेला असावा. किती दिवस आजारी होता? एक दिवस असेल, तीन असतील, सांगता येत नाही. कोंडीबा पत्र्याला टेकून उभा होता. मला बघून रडायला लागला. "ताई, वाळू पार कोरडी ठनठनीत हुती वो. म्या म्हनलं सायेब कुठं गेल्ते का काय…"

त्या उन्हात वाळू एका दिवसातही कोरडी पडते. हे वाक्य मी त्या दिवसापासून धरून बसले. दादा बुधवारीच आजारी पडला, बुधवारीच गेला. सोमवारपासून जो फरक पडत गेला तो माझ्या खोलीच्या उकाड्याने. असं असेल तर मी काही केलं नव्हतं. पण तसं नसेल, तर तो तीन दिवस तापात होता, वाळूला पाणी घालायला उठू शकत नव्हता, आणि ते रोज सकाळी माझ्यासमोर हिरव्या पडद्यावर उमटत होतं. मंगळवारी मी घोडेगावची एस.टी. पकडली असती तर तासाभरात पोचले असते.

ताडून पाहायची सोय होती. माझं घड्याळ चालूच होतं. दिल्लीच्या ठोक्यांशी लावलं असतं तर मी ते किती हलवलं आणि आधी ते बरोबर होतं की नाही, दोन्ही कळलं असतं. मी ताडून पाहिलं नाही.

आणि घरी वहिनी. भेटायला येईल त्या प्रत्येक बाईला त्या तेच सांगायच्या — "हे म्हणाले अंग मोडून आलंय, आणि मी दळणाचं बोलले हो." बायका म्हणायच्या, तसं नसतं गं, आपण सहज बोलतो. वहिनी मान हलवायच्या आणि पुढची बाई आली की पुन्हा पहिल्यापासून. मी त्याच खोलीत बसलेली असायची. मी तोंड उघडलं नाही.

टेकडीवरचं सामान कोंडीबाने आणि मी मिळून टेम्पोतून सावेडीला आणलं. सेट, दोन्ही बॅटऱ्या, एरियलची तार, आणि माठातून काढलेली स्फटिकाची डबी. डबी दादाच्या टॉवेलात गुंडाळून मी कपाटात ठेवली. टेकडीवर आता फक्त रिकामी खोली होती. महिनाअखेर पुण्याची माणसं येऊन सगळं घेऊन जाणार होती.

दहाव्याचे विधी झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सावेडीला गेले. रजिस्टर आणायला गेले होते असं मी स्वतःला सांगितलं. खोलीत गेल्यावर सवयीने रिसीव्हर लावला, ऑसिलोस्कोप लावला. पडदा उजळायला वेळ लागतो. मी खिडकी उघडून परत आले तेव्हा सात सतरा झाले होते. पडद्यावर आकृती होती.

रेघ नव्हे. रेघेपासून हळूहळू उघडत चाललेलं लंबवर्तुळ. सूर किती जोराने येतोय ते दाखवणारा रिसीव्हरच्या मीटरचा काटा वर गेलेला — तो जिथे बहात्तर दिवस जायचा, तिथपर्यंत. हेडफोन लावला. सूर होता. हजार कंपनांचा सूर कुणाचाही सारखाच ऐकू येतो, त्यावरून काही ओळखता येत नाही, हे मला माहीत आहे. साडेसातला तो थांबला. मी काही लिहिलं नाही. सगळं बंद केलं आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी उस्मानभाईंना बोलावलं. त्यांचं बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान, दादाचे जुने स्नेही. मी आधी काही सांगितलं नाही, सेट बिघडलाय एवढंच म्हटलं. सव्वासातला काटा वर गेला.

"चांगला तर चालतोय," उस्मानभाई म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई… हे कोण पाठवतंय?"

मी कपाट उघडून टॉवेल दाखवला. सेट आणि बॅटऱ्या कोपऱ्यात होत्या, त्याही दाखवल्या. ते खुर्ची ओढून बसले. मग उठून त्यांनी रिसीव्हरमागची एरियलची तार उपसली. आकृती गेली. तार परत लावली. आली. तीनदा केलं.

"म्हणजे बाहेरून येतंय," ते म्हणाले. "तुमच्याच घड्याळाचा आवाज गळून आत शिरला असता तर—"

"तर रेघ दिसली असती. स्वतःशी कोणाचा फरक पडत नाही."

"दुसरं कुणाचं स्टेशन?"

"या फ्रिक्वेन्सीवर कोणी नाही. काल पुण्याला फोन लावून विचारलं."

उस्मानभाईंनी तार नीट खोचली. "दादा मोजून घ्यायला सांगायचे ना प्रत्येक गोष्ट? मग मोजा तुम्ही. मला नका विचारू." जाताना त्यांनी दारात थांबून डोक्यावरची टोपी नीट केली. सायकलवर बसले नाहीत, हातात धरून चालत गेले.

तिसऱ्या दिवशी मी मोजलं. नुसत्या लंबवर्तुळावरून कोण पुढे आणि कोण मागे ते कळत नाही. त्यासाठी दुसरी कळ दाबून दोन्ही लाटा एकाखाली एक पाहाव्या लागतात. पाहिल्या. येणारा सूर माझ्यापेक्षा मागे पडत होता. दिवसाला तेरा हजारांश. म्हणजे मी माझं घड्याळ जेवढं पुढे दामटलं होतं, बरोबर तेवढाच. त्या वाळूत कोणीतरी रोज दोन्ही वेळा पाणी घालत असल्यासारखं ते घड्याळ चाललं होतं, आणि मीच चुकलेली दिसत होते.

मी रजिस्टर उघडलं. बुधवारच्या शून्यावर काट मारून तेरा लिहिलं, मंगळवारी नऊ, सोमवारी चार. पुढे सही केली. त्या दिवशी कॉलेजात गेले नाही. दुपारी दिल्लीचे ठोके लावले आणि दुसऱ्या दुपारीही लावले, कारण एका दिवसात असा फरक नीट निघत नाही. माझं घड्याळ दिवसाला तेरा हजारांश पुढे जात होतं. स्क्रू फिरवण्याआधी ते बरोबर होतं. खोलीच्या उकाड्याने त्याला काही झालं नव्हतं. सोमवारपासून चुकत होतं ते दादाचं.

ठोके दुसऱ्यांदा लावले त्या दिवशी सकाळी सूर होता की नाही, मी पाहिलं नाही. पडदा लावायचं धाडस झालं नाही. त्यानंतर मात्र महिनाअखेरपर्यंत रोज पाहिलं. काही नव्हतं.

दिल्लीची दुसरी मोजणी झाली त्या संध्याकाळी वहिनी मागच्या दारात रेशनचा मिलो, म्हणजे ती तांबडी परदेशी ज्वारी, निवडत बसल्या होत्या. आई देवळात गेली होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. सोमवारपासून काय दिसत होतं, बुधवारी मी काय केलं, शून्यं कशी लिहिली. परवा-तेरवा काय आलं तेही. त्यांना पटेल न पटेल याचा विचार केला नाही. शेवटी म्हटलं, "तुमच्या बोलण्याने काही झालं नाही, वहिनी. मला दिसत होतं."

त्यांचा हात ताटातच होता. त्या सुराबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. म्हणाल्या, "वन्सं, तो सेट आपोआप लागायचा?"

"नाही. दादा उठून लावायचा."

"तिन्ही दिवस?"

"तिन्ही दिवस. सव्वासातला लावायचा, साडेसातला बंद करायचा."

"म्हणजे उठता येत होतं."

मी ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"दोन फर्लांगांवर रस्ता होता. एस.टी. थांबते तिथे. उठून बटण दाबता येत होतं, तर तिथवर का नाही गेले?"

मालिका तुटली असती म्हणून, असं माझ्या ओठांवर आलं. पण ते उत्तर आहे असं मलाच वाटेना. सेट चालू-बंद करून खूण करता आली असती. तीही त्याने केली नाही. पंधरा मिनिटं अखंड सूर, रोजच्यासारखा. वाळूला पाणी घालायची त्याच्यात ताकद नव्हती, की पाणीच नव्हतं, की तो तांब्या त्याने स्वतः प्यायला, हेही मला माहीत नाही. प्यायला असावा, असं मला मनापासून वाटतं.

वहिनी म्हणाल्या, "सोमवारी सव्वासातला मी नळावर होते. भांडण झालं होतं तिथे, घागर फुटली एकीची. मंगळवारी रेशनच्या रांगेत. बुधवारी…" त्यांनी डोळे मिटले. "बुधवारी काय करत होते मी, वन्सं? तुम्ही चहा घेऊन निघालात, मग मी काय केलं?"

मला आठवत होतं. "अंगणात बसून केस विंचरत होतात. मला म्हणालात, चाकात हवा कमी दिसतेय."

"हो," त्या म्हणाल्या. "तेव्हा होते ते."

माझी चूक त्यांनी पुढे कधी काढली नाही. दळणाची गोष्टही पुन्हा कोणाला सांगितली नाही. त्यानंतर आम्ही दोघी सत्तावीस वर्षं एका घरात राहिलो. मालिका बहात्तरवर थांबली. योजना बंद झाली. सामान पुण्याला गेलं.

त्या तीन सकाळी आलेल्या सुराचा उलगडा मी खूप शोधला. वातावरणातले थर, दूरच्या स्टेशनाची भेसळ, प्रतिध्वनी… दहा-बारा दिवसांनी प्रतिध्वनी येत नाही, आणि दूरच्या स्टेशनाला नेमका माझ्या पाव वळशाएवढा फरक कसा माहीत असणार? माझ्याच मनाचा खेळ म्हणावं तर उस्मानभाईंनी तीनदा तार उपसली होती. आता तेही नाहीत. वाचकांपैकी कोणाला काही सुचलं तर मी ते समजून घ्यायचा प्रयत्न करीन. पण खरं सांगायचं तर त्या सुराचं मला आता फारसं काही वाटत नाही. दादा रस्त्यापर्यंत का गेला नाही, हे वहिनींना सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. ते मला त्या असेपर्यंत सांगता आलं नाही, आणि आजही येत नाही.